खाटकाचं पान

मगदूम बाई कमरेपर्यंत गाळात गेल्या होत्या आणि मला विचारत होत्या, "जैतून, पाय लाल आहेत का हिरवे?"

मी काठावरून ओरडले, "कुणाचे पाय? तुमचे तर दिसंनात!"

"टिलव्याचे गं. उडायच्या आत सांग की."

टिलवा म्हणजे पाणथळीत उंच पायांवर हिंडणारा, पारव्याहून लहान, मातकट रंगाचा पक्षी. त्यात एक लाल पायांचा असतो, एक हिरवट पायांचा. लांबून दोन्ही सारखेच. तो जवळून बघायचा म्हणून बाई काठ सोडून पुढं गेल्या होत्या. वडूजच्या बाहेर येरळेच्या धरणाचं पाणी पसरलेलं आहे. उन्हाळा लागला की ते मागं हटतं आणि मोकळी पडलेली जमीन वरून पापडासारखी वाळते. खाली लोण्यासारखा गाळ. आमच्याकडची म्हैससुद्धा तिथं पाय टाकत नाही. बाईंनाही हे ठाऊक होतं. पण त्यांना समोरचं तेवढं दिसायचं, नळीतनं बघितल्यासारखं. पायाखालचं दिसायचंच नाही.

दोन्ही हातांनी त्यांनी वही डोक्यावर धरली होती. गळ्यात दुर्बीण होती, तिला गाळ लागायला आला होता.

"आधी वही घे."

"आधी तुमी या भायेर."

"वही घे म्हणते ना!"

हा त्यांचा शाळेतला आवाज होता. मी चपला काढल्या आणि गेले. चार पावलं बरी पडली. पाचव्या पावलाला मी मांडीपर्यंत आत. माझं वजन बाईंच्या दीडपट, त्यामुळे मला वेळ लागला नाही. वही घेतली आणि काठाकडं भिरकावली. ती उघडी होऊन पालथी पडली. बाईंनी असा आवाज काढला, जसं मी वहीला नाही, एखाद्या पोराला फेकलं.

मग मी त्यांचा हात धरून ओढलं. त्या बाहेर आल्या नाहीत, मी आणखी आत गेले. दोघींचे मोबाईल काठावरच्या पिशवीत होते. माणूस कुठं दिसत नव्हतं. दिवस कासराभर राहिला होता.

आम्ही तिथं कशाला मरायला गेलो होतो, ते आता सांगते.

बाई मूळच्या सांगलीच्या. घरचा हळदीचा व्यापार. वडूजला चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून आल्या आणि आमच्या परड्याला लागून दोन खोल्या होत्या, त्या भाड्यानं घेतल्या. लग्न का केलं नाही, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आम्ही मुलाणी. गावात बोकडावर सुरी फिरवायचा मान आमच्या घराचा, आणि पेठेत मटणाचं दुकान. माझ्या सासूचं माहेर मखदूम. मगदूम आणि मखदूम यातला फरक आम्हाला कळला नाही. बाई डोक्यावरून पदर घ्यायच्या, त्यामुळे तर खात्रीच पटली, की आपलंच माणूस शेजारी आलं.

महिन्याभरात बकरी ईद आली. मी ताट भरलं, वर रुमाल टाकला आणि स्वतः घेऊन गेले. बाईंनी रुमालाचं टोक उचललं आणि हळूच परत ठेवलं.

"हे कोण आहे?"

मी म्हटलं, "मटण."

"मटण कळलं गं. कोण होता?"

"बोकड. नाव ठेवलं नव्हतं."

बाई खाली बसल्या. म्हणाल्या, "आम्ही जैन आहोत."

"मग मगदूम कसं?"

"मगदूम जैनातपण असतात. सांगलीकडं ये एकदा, ढिगानं दाखवते."

मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. ताट उचलून निघाले, तर बाई म्हणाल्या, "थांब. ताट भरलेलंच परत चाललंय, पण हात रिकामा जाऊ नये." आणि माझ्या दुसऱ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. त्यानंतर त्यांनी उंबरा धुतला, ते मी परड्यातून बघितलं. मी बघितलं हे त्यांनीही बघितलं. पुढं रमजान ईदेला मी शिरखुर्मा पाठवायला लागले. दर वर्षी त्यांचा एकच निरोप, "दिवस मावळायच्या आत पाठव, नाहीतर वास घेत बसावं लागतं."

एवढी मोठी चूक झाल्यावर दोन बायका एक तर कायमच्या तोंड फिरवतात किंवा कायमच्या शेजारी होतात. तोंड फिरवायला परडं लहान होतं.

नोकरी संपल्यावर बाई सांगलीला गेल्या नाहीत. तिथं पाणी आहे, नदी आहे, पण पुतण्याच्या घरात पहाटे सहाला स्टूल घेऊन बाहेर पडणाऱ्या म्हातारीला जागा नाही, असं त्या म्हणायच्या. इथं रोज धरणावर जायच्या. माझा नवरा तोवर गेला होता, दुकान सलीम, माझा मुलगा, बघत होता, आणि मला साखर निघाली होती. डॉक्टर म्हणाले, चाला. एकटीनं चालायचं म्हणजे लोक विचारतात कुठं निघालीस. बाईंबरोबर गेलं की कुणी विचारत नव्हतं. त्या वेड्या आहेत, हे गावाला ठाऊकच होतं.

आठ दिवस मी नुसती बसले. नवव्या दिवशी बाईंनी एक वही आणि पेन्सिल माझ्या मांडीवर टाकली. "बसून बसून दगड झिजवू नको. कावळा काढ."

माझी शाळा चौथीपर्यंत. हिशेबाची पेन्सिल सोडली तर हातात दुसरी धरली नव्हती. मी कावळा काढला आणि काळा केला. चांगला गच्च काळा केला.

बाई म्हणाल्या, "हे काय आहे?"

"कावळा."

"हा तव्याचा बुडका आहे. कावळा काळा असतो, असं तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या गावाला ठाव हाय."

"मग सगळ्या गावानं कावळा बघितलेला नाही."

चार दिवस तिनं मला त्या एका कावळ्यासमोर बसवलं. तिनं म्हणजे बाईंनी; राग आला की मी मनात एकेरीवर यायची. चौथ्या दिवशी दिसलं. मान राखाडी. पाठीवर उन्हात निळं, मग जांभळं, वळला की हिरवट. पार काळं असं चोच आणि कपाळच. मी म्हटलं, "बाई, ह्यो तर रंगीत हाय की." बाईंनी काही कौतुक केलं नाही. रंगाची पेटी पुढं सरकवली एवढंच.

शिकवायची त्यांची रीत अशी. आधी आडवं लिंबू काढायचं, ते अंग. वर बोर, ते डोकं. पुस्तकात लिंबाच्या जागी अंडं असतं म्हणे, पण बाई अंड्याचं नाव घ्यायच्या नाहीत. मग लिंबाच्या मधोमध खाली पाय, नाहीतर पक्षी तोंडावर पडतो. माझे पहिले दहा-बारा पक्षी तोंडावर पडलेलेच आहेत. नाव शेवटी सांगायच्या. "नाव कळलं की माणूस बघायचं सोडतो," म्हणायच्या. तोवर मी माझीच नावं ठेवायची, शेपूटहलव्या, चिखलचाट्या, सावकार. सावकार म्हणजे बगळा. बाई हसायच्या नाहीत, पण त्यांच्या स्वतःच्या वहीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ती नावंही लिहून ठेवायच्या.

पाणी फडक्यानं गाळून घ्यायच्या, अगदी ब्रश बुडवायचंसुद्धा. रंगाचं पाणी ओतताना आधी वाकून मुंग्या बघायच्या. एकदा मी कंटाळून म्हटलं, "ओता की आता, मुंगी काय रंगानं मरती?"

"मरत नाही गं. पण निळी होऊन घरी गेली तर घरची आत घेतील का?"

त्यांच्या वहीचा नियम कडक होता. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तेच काढायचं, आणि जसं बघितलं तसं. चित्राखाली दोन ओळी, पाहिले कोणी, काढले कोणी. सगळ्या पानांवर दोन्हीकडं एकच नाव, र. मगदूम. सलीम एकदा म्हणाला, "बाई, मोबाईलवर एका मिनटात हजार फोटू दावतो, बसा घरात."

"मोबाईलनं बघितलं ते. तू काय बघितलंस?"

सलीम मोबाईल खिशात घालून दुकानात गेला.

मी मात्र बाईंना एकदा पकडलं. त्यांनी वहीत जागोजाग पायाला बाण काढून लिहिलं होतं, गुडघा. आणि पक्ष्याचा गुडघा मागं वळतो, असं तीस वर्षं पोरांना शिकवलं होतं. मी म्हटलं, "बाई, ह्यो गुडघा न्हाई. ही टाच हाय."

"काय सांगतेस!"

"गुडघा वर पिसात असतोय. तंगडी सोलली की दिसतोय." त्यांचं तोंड बघून मी तंगडीवरून माझ्या पायावर आले. साडी वर करून टाच उचलून दाखवली. "पाखरू सगळा जनम चवड्यावर चालतंय. आमी काय कागदावर शिकलो न्हाई हे."

बाई बराच वेळ एका टिटवीकडं बघत बसल्या. मग दोन दिवस घराबाहेर आल्या नाहीत. मला वाटलं, तंगडीचं बोललेलं लागलं. तिसऱ्या दिवशी वही दाखवली. प्रत्येक पानावर गुडघा खोडून लाल शाईनं टाच लिहिलं होतं, आणि पहिल्या पानावर, "पायाची चूक जैतून मुलाणी हिने दाखवली." माझं नाव छापल्यासारखं लिहिलेलं मी मतदानाच्या यादीनंतर तिथंच बघितलं.

ब्रशाचं प्रकरण वेगळं. चांगला ब्रश खारीच्या केसांचा असतो, तो बाईंना चालायचा नाही. नायलॉनच्या ब्रशात पाणी टिकायचं नाही, पक्ष्याच्या पोटाचा फिकट रंग फाटायचा, मग बाई चरफडायच्या. मला बघवेना. आमच्या परड्यात एक बोकड बांधला होता, पांढरी लांब दाढी, एखाद्या हाजीसारखा. मी त्याची दाढी कातरली, बांबूच्या काडीला सुतानं बांधली आणि बाईंना दिली.

"कशाचा गं?"

"घायपाताचा वाख हाय. कुटून मऊ केलाय."

वाख म्हणजे दोर वळायचे पानातले धागे. खोटं सांगितलं. त्या ब्रशानं बाईंनी चित्रबलाक करकोच्याचं पोट असं रंगवलं, की शेजारी ठेवलेला कापूस मळका दिसावा. "जैतून, काय वाख आहे गं," म्हणायच्या. मी मान हलवायची. दोन वर्षं मान हलवली.

मग डोळ्यांचं निघालं. सांगलीच्या डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू. कडेनं अंधार येतो आणि मधाकडं सरकत जातो, गेलेलं परत येत नाही. बाई सांगलीहून आल्या, पिशवी ठेवली आणि माझ्या दारात उभ्या राहिल्या. समोर कडुलिंबाचं झाड आहे. एका ठरावीक फरशीवर पाय ठेवून त्यांनी सरळ बुंध्याकडं बघितलं. दर महिन्याला मग तसंच करायच्या.

"डावीकडची फांदी गेली."

मी म्हणायची, "हाय की जाग्यावर."

"माझी गेली गं."

वहीत सगळं होतं. दोन पानं तेवढी कोरी होती. वही पुरी करून शाळेत द्यायची, म्हणजे पुढं कधी कुणी विचारलं या पाण्यावर काय काय यायचं, तर दाखवायला राहील, एवढंच त्यांना हवं होतं. दुसरं काही हवं असलेलं मला तरी माहीत नाही. डोळे आधी संपतात का वही, अशी शर्यत होती. कोऱ्या पानांपैकी एक टिलव्याचं. दुसरं खाटकाचं.

खाटीक नावाचा पक्षी आहे. चिमणीपेक्षा मोठा, पाठ तांबूस, पोट पांढरं, डोळ्यांवरून दरोडेखोरासारखी काळी पट्टी. तो सरडा मारतो आणि बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो. भूक लागेल तसा येऊन तोडतो. आमच्या दुकानात आकड्याला लावतात, तसंच. धरणाच्या बांधावरच्या बाभळीवर त्याचं दुकान होतं. बाई तिथून जाताना मान फिरवायच्या.

मी म्हणायची, "काढा की."

"त्याच्याजवळ सरडा असतो."

"मग सरड्याबिगर काढा."

"तसा मी कधी बघितला नाही. खोटं होईल."

"मग सरडा काढा."

"हात चालत नाही गं."

एकदा मला चेव आला. म्हटलं, "पाखराचं नाव खाटीक हाय म्हणून व्हय? आमच्यातलं निघालं म्हणून सोवळं आलं?"

बाई दोन दिवस धरणावर एकट्या गेल्या. तिसऱ्या दिवशी परड्यात येऊन म्हणाल्या, "तुझ्या भिंतीला भिंत लावून इतकी वर्षं काढली. पाखराचं सोवळं करायचं असतं, तर माणसाचं आधी केलं असतं." मग बसल्या आणि सांगितलं. लहानपणी आईनं त्यांना गोष्ट सांगितली होती. एकानं खरा कोंबडा मारायचा नाही म्हणून पिठाचा केला आणि त्याला कापला. तरी त्याला खऱ्याचं पाप लागलं, आणि ते जन्मोजन्म फिटलं नाही. "पिठाचा कापला तरी लागतं, जैतून. मग रंगाचा सरडा मी काट्यावर कसा टोचू?"

मला हसू आलं होतं, ते मी गिळलं. म्हटलं, "मग आधी टिलवा उरका."

म्हणून त्या संध्याकाळी आम्ही गाळात होतो.

मी जेवढं हलत होते तेवढी आत जात होते. बाई मात्र हलत नव्हत्या. दुर्बीण डोळ्याला लावून उभ्या होत्या.

"बघ की पाय. माझ्या दुर्बिणीला चिखल लागलाय."

मी बघितलं. टिलवा आमच्यापुढं वीस हातांवर होता आणि आमच्यापेक्षा सुखात होता. उन्हं तिरपी पडली होती. त्यानं एक पाय चिखलातनं वर उचलला.

"लाल," मी म्हटलं. "लाल हायत बाई. गाजरावाणी."

"नक्की?"

"आता मरताना खोटं बोलू व्हय?"

हे तोंडातून गेलं आणि मला ब्रश आठवला. गाळ माझ्या कमरेला आणि बाईंच्या बरगड्यांना आला होता. म्हटलं, जे काय असेल ते इथंच फेडावं.

"बाई, त्यो ब्रश वाखाचा नव्हता. बोकडाच्या दाढीचा व्हता."

"माहीत आहे."

"कवा कळलं?"

"पहिल्याच दिवशी. भिजला की वास यायचा." मग त्यांनी विचारलं, "दाढी कातरलीस तेव्हा जिवंत होता ना?"

"व्हय. चांगला पाला खात हुता."

"म्हणूनच वापरला. आणि दुसऱ्या दिवशी?"

मी टिलव्याकडं बघायला लागले.

"जैतून?"

"दुसऱ्या दिवशी बकरी ईद हुती."

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, आता णमोकार मंत्र म्हणतात. पण त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. तशा त्या हसलेल्या मी त्याआधी बघितल्या नव्हत्या. हसता हसता आणखी चार बोटं खाली गेल्या. मग मलाही हसू आलं, आणि भीतीही वाटली. दोन्ही एकदम.

तेवढ्यात बांधावर मेंढरं दिसली. जतकडचा एक मेंढका कळप घेऊन उतरला होता. मी बोंब मारली. त्यानं धावत येऊन काठावरून बघितलं आणि ओरडला, "उबं ऱ्हाऊ नगा आज्जी! उताण्या पडा! पाटीवर पडा, मग गाळ सोडतोय!"

बाई ओरडल्या, "आधी तुझं कुत्रं आवर! टिलवा उडवेल!"

मेंढका म्हणाला, "ह्या म्हातारीच्या डोसक्यात काय झालंय व्हय?"

मी म्हटलं, "ते लय जुनं हाय. तू काठी दे."

त्यानं खांद्यावरचं घोंगडं गाळावर पसरलं, त्यावर आडवा झाला आणि काठी पुढं केली. आधी बाईंना ओढलं, मग मला. माझ्या वेळी त्यानं कुणाकुणाची नावं घेतली, ती कानडीत होती म्हणून बरं. काठावर पडलो तेव्हा सूर्य टेकडीमागं नुकताच गेला होता. मी पिशवीतली पाण्याची बाटली काढून बाईंच्या तोंडाला लावली. त्यांनी तोंड फिरवलं.

"दिवस बुडाला."

"आवं, नाकातोंडात गाळ गेलाय तुमच्या! त्यो काय गाळून घेतला व्हता?"

"तो मी प्यायले नाही. तो गेला."

मेंढक्यानं दोघींकडं बघितलं आणि मेंढरामागं निघाला. त्याचं नाव विचारायचं राहिलं. घोंगडं धुऊन द्यायचं म्हणून मी ठेवून घेतलं होतं, तेही तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी टिलवा काढला. पानावर गाळाचा पंज्याएवढा डाग पडला होता. मी म्हटलं, नवं पान घ्या. म्हणाल्या, "टिलव्याला चिखल चालतो." पाय लाल केले आणि खाली लिहिलं. पाहिले, जैतून मुलाणी. काढले, र. मगदूम. चित्राखाली पहिल्यांदाच दोन नावं आली.

त्या पावसाळ्यात बाईंचा लिंबाचा बुंधाही गेला. पुतण्या येऊन बाईंना सांगलीला घेऊन गेला. वही त्यांनी माझ्याकडं ठेवली. एक पान कोरं आहे, एवढंच म्हणाल्या. 

मी सगळा हिवाळा बाभळीखाली बसले. खाटीक काढायला मला सहा कागद लागले. सरडा पहिल्याच कागदाला जमला. काट्याला टोचलेलं कसं लोंबतं, मान कुठल्या बाजूला पडते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. सातव्या वेळी वहीत काढला आणि एसटीनं सांगलीला गेले.

घराच्या गल्लीत हळदीचा वास होता, भिंतीसुद्धा पिवळ्या झालेल्या. बाई पायऱ्यांवर बसल्या होत्या. माझ्या चपलांचा आवाज ऐकून म्हणाल्या, "वजन वाढलंय तुझं." मी वही हातात दिली. त्यांनी बोटांनी पानं उलटली, एका पानावर थांबल्या, खरबरीत डागावरून अंगठा फिरवला. "हा टिलवा." मग पुढं उलटत गेल्या, शेवटच्या पानावर हात सपाट ठेवला.

"हे कोरं आहे का?"

सलीम मला निघताना म्हणाला होता, म्हातारीला सांग सरडा न्हाई काढला, तिला कुठं दिसतंय. वाटेत विट्यापर्यंत मीही तेच धरून बसले होते.

"कोरं न्हाई," मी म्हटलं. "खाटीक हाय."

"एकटाच?"

"न्हाई. सरडा हाय. काट्यावर. मेलाय."

बाईंनी पानावरचा हात काढला नाही. रस्त्यावरून दोन रिक्षा गेल्या.

"पोट वर आहे का खाली?"

"वर. पांढरं, जरासं पिवळं. शेपूट लोंबतंय."

"काटा कुठून गेलाय?"

"मानंतनं."

"हो," बाई म्हणाल्या. "तसाच असतो." मग म्हणाल्या, "खाली काय लिहिलंस?"

"काढले, जैतून मुलाणी. वरचं मोकळं ठेवलंय."

"तिथं माझं नाव लिही. मान फिरवायच्या आधी रोज बघत होते मी. पाहिले, र. मगदूम."

मी तिथंच पायरीवर बसून लिहिलं. अक्षर तिरकं आलं. त्यांनी विचारलं, पक्षी तोंडावर पडलाय का. मी म्हटलं, न्हाई, उभा हाय.

निघाले तेव्हा त्या पायऱ्यांवर उभ्या राहून हात हलवत होत्या, भलत्याच रिक्षेला. त्या रिक्षावाल्याला वाटलं गिऱ्हाईक आहे, तो थांबला आणि विचारायला लागला कुठं जायचं. माझी रिक्षा वळली, त्यामुळे बाईंनी त्याला काय सांगितलं, ते मला कळलं नाही.

पावसाच्या आधी बाई गेल्या. पुतण्याचा फोन आला तेव्हा रविवार होता आणि दुकानात रांग होती. वही शाळेत दिली आहे, कपाटात आहे, मागितली की दाखवतात. घोंगडं माझ्याकडं आहे.

त्या गाळात दोघी गेलो होतो. आता एक आहे, ती मी.